लष्करी हेलिकॉप्टर वैमानिक: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

शाळा-कॉलेजांत बोलायला गेलो की प्रश्न साधारण तेच येतात. मुलं सगळ्यांसमोर विचारतात ते वेगळे, आणि कार्यक्रम संपल्यावर आई-वडील बाजूला घेऊन हळूच विचारतात ते वेगळे. दोन्ही इथे एकत्र केले आहेत. मी आधी तोफखान्यात होतो आणि नंतर आर्मी एव्हिएशनमध्ये हेलिकॉप्टर उडवलं, त्यामुळे उत्तरं भूदलाकडे झुकलेली असणार. हवाई दल आणि नौदलात जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

हेलिकॉप्टरं तर हवाई दलाची असतात ना? भूदलाला पायलट कशाला लागतात?

हेलिकॉप्टरं तिन्ही दलांकडे आहेत, तटरक्षक दलाकडेही आहेत. भूदलाची गोष्ट तोफांपासून सुरू होते. तोफेचा गोळा डोंगरापलीकडे, कित्येक किलोमीटर दूर पडतो. तो नेमका कुठे पडला हे तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून कुणीतरी वरून बघून ‘दोनशे मीटर डावीकडे’ असं सांगावं लागतं. हे काम पूर्वी तोफखान्याचेच अधिकारी ऑस्टरसारख्या छोट्या विमानांतून करत. त्याला एअर ओपी म्हणत. पुढे विमानांची जागा हेलिकॉप्टरनं घेतली आणि १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर ही स्वतंत्र शाखा उभी राहिली.

म्हणूनच तोफखान्याचं स्कूल देवळालीला आणि भूदलाच्या वैमानिकांचं स्कूल तिथून जवळच, नाशिकरोडच्या गांधीनगरला, हे मला नेहमी एकाच घरातल्या दोन खोल्यांसारखं वाटत आलं आहे. नाशिकरोडच्या लोकांना डोक्यावरची ती फडफड इतकी सवयीची आहे की बोलताना कुणी थांबतही नाही.

भूदलाचा पायलट बहुधा आधी जमिनीवरचा सैनिक असतो. पाठीवर सामान घेऊन तो डोंगर चढलेला असतो, वर पोचल्यावर पाण्याची काय किंमत असते हे त्याला ठाऊक असतं. कॉकपिटमधून खाली बघताना त्याला नकाशातला ठिपका दिसत नाही, तिथे कोण कशात बसलं आहे ते दिसतं. माझ्या मते आमच्या कामाचं मूळ यातच आहे.

पायलट व्हायचं तर सुरुवात कुठून करायची?

बारावीनंतरचा सरळ रस्ता म्हणजे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), आपल्या पुण्याजवळचं खडकवासला. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाच अर्ज करता येतो. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतंच, त्यामुळे दहावीनंतर विषय निवडताना हे डोक्यात असू द्या. पदवीनंतर सीडीएस ही प्रवेश परीक्षा आहे, आणि हवाई दलासाठी एएफकॅट ही.

लेखी परीक्षा झाली की एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत. ती एका बैठकीत संपत नाही, पाच दिवस चालते. त्यानंतर ज्यांना उडायचं आहे त्यांची वैमानिक क्षमतेची संगणकावरची चाचणी होते, तिला सीपीएसएस म्हणतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर सैन्यात अधिकारी होता येतं, पण कॉकपिटचा रस्ता बंद. म्हणून ‘बघू तरी देऊन’ असं म्हणत तिला जाऊ नका. आदल्या रात्री नीट झोपा, सूचना दोनदा वाचा.

पुढे वाटा फुटतात. हवाई दलाची मुलं हैदराबादजवळ दुंडिगलला आधी पिलाटस विमानावर शिकतात आणि हेलिकॉप्टर मिळालेली तिथून हकीमपेटला जातात. नौदलाचं हेलिकॉप्टर स्कूल तमिळनाडूत अरक्कोणमला, आयएनएस राजाळीवर आहे. भूदलात पायदळ, तोफखाना, सिग्नल्स अशा कुठल्याही शाखेतला तरुण अधिकारी स्वेच्छेनं अर्ज करून नाशिकला येऊ शकतो. अलीकडे थेट एव्हिएशनमध्येही कमिशन मिळतं.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतर तिथे एनडीएची तयारी करून घेतात. ती १९७७ पासून चालू आहे. मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे. खेड्यातल्या कितीतरी हुशार मुलांना हे माहीतच नसतं. तुमच्या ओळखीत कुणी नववी-दहावीत असेल तर त्यांच्या कानावर घाला.

चष्मा असेल तर?

डोळ्यांचे निकष कडक आहेत आणि ते प्रवेशाच्या मार्गानुसार बदलतात. चालू जाहिरातीतलं वैद्यकीय परिशिष्ट वाचा, क्लासवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. हवाई दलात उडण्यासाठी साधारणपणे १६२.५ सेंटीमीटर उंची लागते. शिवाय पायाची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजतात, कारण पाय पेडलपर्यंत पोचला पाहिजे आणि डोकं छताला लागता कामा नये.

शिकताना सगळ्यात अवघड काय असतं?

एका जागी थांबणं. म्हणजे हॉवर.

लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ खेळला असाल. काठी जिकडे कलते तिकडे हात न्यायचा, पण जरा जास्त नेला की ती दुसरीकडे कलते. हॉवर म्हणजे हाच खेळ, फक्त काठीवर तुम्ही स्वतः बसलेले असता. डाव्या हातात कलेक्टिव्ह असतो, त्यानं वर-खाली होतं. उजव्या हातात सायक्लिक असते, तिनं पुढे-मागे आणि आडवं जाता येतं. पाय पेडलवर असतात, त्यांनी नाक वळतं. आणि यातली एक गोष्ट हलवली की उरलेल्या दोन्ही हलवाव्या लागतात. कलेक्टिव्ह वर ओढला की नाक एका बाजूला वळायला बघतं, म्हणून पेडल द्या. पेडल दिलं की हेलिकॉप्टर आडवं सरकतं, म्हणून सायक्लिक द्या.

पहिल्या दिवशी माझ्या प्रशिक्षकांनी मोकळं मैदान बघून फक्त सायक्लिक माझ्या हातात दिली. आम्ही त्या मैदानभर दारू प्यायल्यासारखे फिरलो. मी काठी मुठीत आवळून धरली होती. त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, “पकडू नकोस. नुसती धर.” मग त्यांनी मला माझं कोपर मांडीवर टेकवायला लावलं, म्हणजे हलवायला मनगटच उरतं. कित्येक दिवसांनी एका सकाळी लक्षात आलं की समोरचं झुडूप बराच वेळ समोरच आहे. हॉवर असाच येतो. नेमका कधी आला ते सांगता येत नाही. सायकलसारखं आहे ते.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं कोसळतं का?

नाही. आणि हे उत्तर प्रत्येक पायलटच्या आईला माहीत असायला हवं.

माधवीलतेचं फळ बघितलं आहे? त्याला तीन पंख असतात आणि झाडावरून सुटलं की गरगर फिरत सावकाश खाली येतं. त्याला कुठलं इंजिन असतं? खालून येणारी हवा पंख फिरवते. हेलिकॉप्टरचंही तसंच. इंजिन गेलं की डावा हात लगेच खाली, म्हणजे पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारा वारा त्यांना फिरवत ठेवतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. खाली येण्याचा वेग बराच असतो, पण हेलिकॉप्टर हातात असतं, वळवता येतं, शेत निवडता येतं. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग मारायचा आणि शेवटच्या काही फुटांवर कलेक्टिव्ह ओढून पात्यांत साठलेली ताकद वापरून अलगद टेकायचं. ते ओढणं एकदाच मिळतं. दुसऱ्यांदा ओढायला पात्यांत फिरण्याची ताकद उरलेली नसते. म्हणून प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात, इतकं की हात विचार न करता खाली जातो.

याचा एक विलक्षण दाखला आहे. २१ जून १९७२ रोजी जाँ बूले या फ्रेंच वैमानिकानं लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. तिथे इंजिन विझलं आणि पुन्हा सुरू होईना. तो माणूस तेवढ्या उंचीवरून इंजिनाशिवाय, नुसत्या ऑटोरोटेशनवर सुखरूप जमिनीवर आला. तेच लामा आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलं आणि त्याला आपण ‘चीता’ म्हणतो.

मात्र ऑटोरोटेशनला उंची तरी लागते नाहीतर वेग तरी लागतो. एका इंजिनाचं हेलिकॉप्टर शे-दीडशे फुटांवर स्थिर असताना इंजिन गेलं, तर हाताशी दोन्ही नसतं. म्हणून विनाकारण तिथे थांबायचं नाही.

सियाचीनला उडणं म्हणजे नक्की काय?

यावर मी तासभर बोलू शकतो.

१३ एप्रिल १९८४. ऑपरेशन मेघदूत, म्हणजे सियाचीन ताब्यात घेण्याची मोहीम. पहाटे साडेपाचला पहिलं चीता निघालं, त्यात कॅप्टन संजय कुलकर्णी आणि एक जवान. दुपारपर्यंत १७ फेऱ्या झाल्या आणि बिलाफोंड ला खिंडीवर २९ जवान उतरले. म्हणजे एका फेरीत दोन माणसंसुद्धा पुरती नाहीत. सियाचीनचं सगळं गणित या एका भागाकारात आहे.

कारण हवा. जितकं वर जाल तितकी ती विरळ. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि पात्यांना धरायला हवाच कमी मिळते, म्हणजे मार दोन्हीकडून. बेस कॅम्प साधारण १२,००० फुटांवर, आणि बऱ्याचशा चौक्या १८,००० फुटांच्या वर. बाना टॉप ही चौकी तर २१,००० फुटांच्या वर. सगळ्यात वरच्या चौक्यांसाठी एका फेरीत रॉकेलचा एखादा जेरीकॅन नेला तरी खूप. निघण्याआधी एकेक किलो मोजतात. इंधन फक्त जाऊन-येऊन आणि थोडं राखीव, एवढंच भरतात. सकाळी हवा थंड आणि त्यामानानं दाट असते, म्हणून उड्डाणं पहाटेपासून आणि दुपारच्या आत.

आता उतरणं. चौकीचं हेलिपॅड म्हणजे बर्फ दाबून, रिकामे जेरीकॅन रचून केलेला ओटा. चार खाटा मांडल्या तर भरून जाईल एवढा. काठीला बांधलेली रंगीत चिंधी वारा दाखवते. मी जाताना आधी ती चिंधी बघायचो आणि मग दरी. चौकीच्या एका बाजूला खोल दरी असली तर ती आमची मैत्रीण. ताकद कमी पडली तर नाक खाली करून तिच्यात शिरायचं. वेग मिळाला की उचल परत येते. चारी बाजूंनी बर्फ सपाट असेल तर असा सुटकेचा रस्ता नसतो, आणि तिथे जीव मुठीत येतो.

टेकल्यावरही पूर्ण वजन ओट्यावर टाकायचं नाही. पाती फिरतच असतात, कलेक्टिव्ह अर्धा हातात असतो आणि स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेले दांडे, बर्फाला नुसते लागलेले असतात. दार उघडतं. तोंडावर कापड गुंडाळलेला एक जवान वाकून येतो, जेरीकॅन ओढून घेतो, पत्रांचं पुडकं छातीशी धरतो. दार बंद. मिनिटभरसुद्धा होत नाही. इंजिन बंद करायचा प्रश्नच नाही, कारण त्या उंचीवर ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. एकदा टोमॅटोची पिशवी नेली होती. तो जवान ती पिशवी हातमोज्यातून दाबून दाबून बघत होता. मी निघालो तरी तो वर न बघता पिशवीकडेच बघत होता.

कुठली हेलिकॉप्टरं उडवायला मिळतात?

शिकायला आणि हलक्या कामाला चेतक आणि चीता. ती जुनी झाली आहेत आणि त्यांची जागा घ्यायला हलकं नवं देशी हेलिकॉप्टर येतं आहे. ते लवकर यावं अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. ध्रुव हे दोन इंजिनांचं आहे आणि त्याचं सशस्त्र रूप रुद्र. प्रचंड हे खास लढाऊ हेलिकॉप्टर २०२२ मध्ये दाखल झालं, आणि मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ प्रचंडचा करार झाला, त्यातली ९० भूदलाची. हवाई दलाकडे एमआय-१७ आहे, २०१९ पासून चिनूक आणि अपाचीही आहेत. नौदलाकडे सी किंग, कामोव्ह आणि नवी एमएच-६० आर.

मुलींना घेतात का?

घेतात. १९९९ च्या कारगिल युद्धात हवाई दलाच्या गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता उडवली आहेत. भूदलाला उशीर झाला, पण २५ मे २०२२ रोजी नाशिकला कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज (वैमानिकाचं चिन्ह) मिळाले आणि त्या भूदलाच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या. खडकवासल्याची मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. सायक्लिकला ताकद लागत नाही, हलका हात लागतो. तो मुलामुलींत सारखाच वाटलेला असतो.

धोका किती? खरं सांगा.

धोका आहे. आई-वडिलांना मी ‘काही होत नाही हो’ असं कधीच सांगत नाही.

युद्धात शत्रू असतो. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ हवाई दलाचं एमआय-१७ क्षेपणास्त्रानं पाडलं आणि त्यातले चौघेही गेले. पण शांततेत आमचा मोठा वैरी म्हणजे ढग आणि डोंगर एकत्र येणं. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपीन रावत यांच्यासह १४ जणांचा बळी घेणारा अपघात असाच होता. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि दिशेचं भान सुटलं, असं चौकशीत निघालं. ढगात शिरल्यावर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटं बोलते. आपण सरळ आहोत असं शरीर सांगतं आणि उपकरण सांगतं की आपण कललो आहोत. त्या क्षणी शरीराचं ऐकायचं नाही, हे शिकवतात. पण ते शिकणं एक आणि करणं दुसरं.

बर्फात आणि धुळीत उतरताना पात्यांच्या वाऱ्यानं सगळं उडतं आणि शेवटच्या दहा-वीस फुटांत काहीच दिसत नाही. विजेच्या तारा असतात. पक्षी असतात. आणि ‘आज नको’ म्हणायची लाज वाटणं, हा माझ्या मते या सगळ्यांहून वाईट धोका. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरलो आहे, चौकीवर आजारी माणूस वाट बघत असताना. दुसऱ्या सकाळी त्याला आणलं. ती रात्र मी जागून काढली, पण निर्णय बरोबर होता.

युद्ध नसतं तेव्हा काय करता?

पूर आला की टीव्हीवर जे दिसतं ते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै २०२१ मध्ये कोकणात हेलिकॉप्टरं आली होती ती तुमच्यातल्या अनेकांनी स्वतः बघितली असतील. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा नौदलाच्या जहाजांबरोबर त्यांची हेलिकॉप्टरंही खवळलेल्या समुद्रावर माणसं शोधत होती. केरळच्या २०१८ च्या पुरात नौदलानं एका गर्भवती बाईला दोरानं वर उचललं आणि त्याच दिवशी तिला मुलगा झाला. दुसऱ्या एका घराच्या गच्चीवर मागाहून मोठ्या अक्षरांत ‘थँक्स’ रंगवलेलं होतं, आकाशातून वाचता येईल असं.

पगार किती?

लेफ्टनंट किंवा फ्लाइंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन, महागाई भत्ता आणि उडणाऱ्यांना वेगळा उड्डाण भत्ता. घर, दवाखाना, कॅन्टीन आहे. ओढग्रस्ती होत नाही.

हेलिकॉप्टरवाल्यांना वरची पदं मिळतात का? ती तर फायटरवाल्यांनाच मिळतात म्हणे.

बरीच वर्षं तसंच होतं. ३१ मार्च २००७ रोजी एअर चीफ मार्शल फली होमी मेजर (मेजर हे त्यांचं आडनाव) हवाई दल प्रमुख झाले. हेलिकॉप्टर पायलट त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचलातल्या परवाणूला रोपवेची दोरी तुटून डबा दरीवर लटकला होता. फली मेजर यांनी त्या तारांच्या वर हेलिकॉप्टर स्थिर धरलं आणि पॅरा कमांडो मेजर इव्हान क्रॅस्टो डब्यावर उतरले. अंधार पडल्यावर उरलेल्या प्रवाशांसोबत क्रॅस्टो रात्रभर त्या लटकत्या डब्यातच राहिले. दुसऱ्या दिवशी काम पूर्ण झालं. फली मेजर यांना शौर्यचक्र मिळालं, क्रॅस्टोंना कीर्तिचक्र. हॉवर म्हणजे काय हे वर वाचलंत ना, आता ती दोन दिवसांची कामगिरी डोळ्यांसमोर आणा.

शरीरावर काय परिणाम होतो?

कंबर आणि कान. कंपनं सतत असतात आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे आम्ही थोडे वाकून बसतो. पहिल्या वर्षापासून पाठीचे व्यायाम करा.

निवृत्तीनंतर?

डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परीक्षा देऊन नागरी लायसन्स घेता येतं. जुहूच्या विमानतळावरून बॉम्बे हायच्या तेलफलाटांकडे रोज हेलिकॉप्टरं जातात, त्यांतले कितीतरी वैमानिक माजी सैनिक आहेत. काहीजण केदारनाथला यात्रेकरूंची हेलिकॉप्टरं उडवतात. काही माझ्यासारखे उडणं थांबवून मुलांशी बोलत बसतात.

तुम्ही किती लोकांना वाचवलंत?

मोजलेलं नाही. पायलटकडे लॉगबुक असतं. त्यात तारीख, हेलिकॉप्टरचा क्रमांक, कुठून कुठे आणि किती वेळ एवढंच लिहितात. नावांचा रकाना नसतो. माझ्या लॉगबुकात एका पानावर आहे: ‘कॅज इव्हॅक, १ तास १० मिनिटं.’ कॅज इव्हॅक म्हणजे जखमी किंवा आजारी माणसाला तिथून हलवणं. वरच्या चौकीवरचा जवान होता, फुप्फुसात पाणी झालं होतं. अशा माणसाला आडवं झोपवता येत नाही, म्हणून मागच्या सीटवर बसवला होता. त्याला धड श्वास घेता येत नव्हता, बोलणं तर दूरच. चौकीवरून निघाल्यापासून त्यानं माझ्या सीटची मागची कड धरली होती आणि ती ओढ मला पाठीला सगळा वेळ जाणवत होती. खाली नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरच्या हॉस्पिटलच्या हेलिपॅडवर उतरलो तेव्हा त्याची बोटं सोडवायला दोन नर्सिंग असिस्टंट लागले.